जांभई आली की गाडी बाजूला



मागच्या दोन नोंदी कोथिंबिरीच्या होत्या. आजची नोंद पिकाची नाही, जांभईची आहे. हसू नका. वाचता वाचता तुम्हाला एक-दोन येतीलच. मला लिहिताना आत्तापर्यंत चार आल्या. त्याचं कारण पुढं सांगतो.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. गेली चार वर्षं दर शनिवारी रात्री आम्ही माल घेऊन बोरीवलीला जातो. पश्चिमेला एका सोसायटीच्या गेटाजवळ रविवारी सकाळी सात ते बारा विक्री करतो. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, फ्लॉवर, गवार, जे शेतात असेल ते. मधे दलाल नाही, पट्टी कापणं नाही, पैसे हातात. रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास. माळशेज उतरायचा, टोकावडे, सरळगाव, मुरबाड, कल्याण, मग भिवंडी बायपास धरून ठाणे आणि घोडबंदर रोडनं बोरीवली. टेम्पो पुतण्या चालवतो, मी शेजारी बसतो. रात्री एकला निघालो की सहाच्या आत पोचतो.

आता त्या शनिवारचं सांगतो.

शुक्रवारी लाईटची रात्रपाळी होती. रात्री दहाला थ्री फेज आली, मोटर चालू केली आणि मी फ्लॉवरला पाणी धरून बसलो. ज्यानं रात्रीचं पाणी भरलंय त्याला माहीत आहे, ती झोप नसतेच. दीड तासानं उठा, बारं मोडा, बॅटरी मारत बांधानं जा, बिबट्या आहे का बघा, परत या, जरा पाठ टेकली की मोटर ट्रिप. सकाळी सहाला लाईट गेली, तोपर्यंत धारेची वेळ. दुपारी दोन तास पडलो तेवढाच. पुतण्या शनिवारी पाचला उठला होता. दिवसभर टोमॅटो तोडणी, संध्याकाळी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, मग कॅरेट भरणं, गाडी लोड करणं. रात्री जेवून अंथरुणावर पडायला वेळच मिळाला नाही. एकला गाडी हलली.

माळशेज व्यवस्थित उतरलो. घाटात माणूस जागा असतो, कारण भीती असते. वळणं, धुकं, समोरचा लाईट. घाट संपला, रस्ता सरळ झाला आणि जांभया सुरू झाल्या. पहिली मला आली. मोठी, आवाज करून. लगेच पुतण्याला आली. मग मला, मग त्याला. आम्ही दोघं हसायला लागलो. तो म्हणाला, "तात्या, तुम्ही देऊ नका, मला लागतीय." मी म्हणलं, "बघू कुणाच्या जास्त होतात." खरंच मोजायला लागलो. टोकावड्यापासून सरळगावपर्यंत माझ्या अकरा, त्याच्या नऊ.

आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. टाकीतलं डिझेल संपत आलंय म्हणून दिवा लागलाय आणि आपण दिव्याचा रंग बघून हसतोय, तसं ते होतं.

सरळगाव सोडलं आणि तीनच्या सुमारास गाडी डांबर सोडून खाली उतरली. खडीचा आवाज आला, काचेवर फांदी आपटली, मी ओरडलो. त्यानं ब्रेक दाबला. थांबलो तेव्हा डावं पुढचं चाक चारीच्या तोंडाशी होतं. आरसा गेला. मागं टोमॅटोचे सहा-सात कॅरेट पालथे झाले. आम्हा दोघांना खरचटलंसुद्धा नाही. समोरून गाडी येत नव्हती, रस्त्याच्या कडेनं कोणी चालत नव्हतं, एवढंच आमचं नशीब.

पुतण्या स्टेअरिंग धरून बसला होता. म्हणाला, "तात्या, मी झोपलो नव्हतो. डोळे उघडे होते माझे." मी त्याच्यावर चिडलो, तोंडाला येईल ते बोललो. ते चुकलंच माझं. तो खोटं बोलत नव्हता, हे मला नंतर कळलं.

बोरीवलीला पोचायला साडेआठ झाले. माल लावला, गिऱ्हाईक सुरू झालं आणि माझ्या जांभया काही थांबेनात. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक एक डॉक्टरबाई आहेत, वयानं सत्तरीच्या, आता दवाखाना बंद केलाय. त्यांना दोन जुड्या मेथी देताना मला लागोपाठ तीन जांभया आल्या. त्या पैसे द्यायच्या थांबल्या आणि विचारलं, "दादा, रात्री घोरता का?"

मला रागच आला. भाजी घ्यायला आलात, माझ्या घोरण्याशी काय काम? पण पुतण्या मधेच बोलला, "घोरतात म्हणजे? वाड्यातल्या तिसऱ्या खोलीत ऐकू येतं." मग त्यांनी आणखी विचारलं. झोपेत श्वास अडकतो असं घरची म्हणते का? सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागते का? बीपी आहे का? चारही गोष्टी होत्या. मी त्यांना रात्रीचं सांगितलं. त्या तिथंच कॅरेटवर बसल्या आणि अर्धा तास बोलल्या. पुढच्या रविवारी मी वही घेऊन गेलो. खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्यांनी सांगितलेलं, बाकीचं मी नंतर शोधून वाचलेलं.

आधी मुळात जांभई येते का?

आपल्याला शाळेत सांगितलं होतं की रक्तात ऑक्सिजन कमी पडला की जांभई येते. मीही तेच धरून होतो. पण १९८७ साली अमेरिकेत रॉबर्ट प्रोव्हाईन नावाच्या संशोधकानं विद्यार्थ्यांना बसवून हे तपासलं. काहींना शुद्ध ऑक्सिजन दिला, काहींना कार्बन डायऑक्साईड जास्त असलेली हवा दिली. कार्बन डायऑक्साईडवाल्यांचा श्वास जोरात चालला, पण जांभया वाढल्या नाहीत. शुद्ध ऑक्सिजन दिला त्यांच्याही कमी झाल्या नाहीत. म्हणजे जांभई वेगळी आणि धाप वेगळी. शिवाय आईच्या पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं, सोनोग्राफीत दिसतं. त्याला तर तिथं हवाच नाही.

मग दुसरा विचार पुढं आला, तो मला जास्त पटला. अँड्र्यू गॅलप या संशोधकाचं म्हणणं असं की जांभई डोकं थंड करायला मदत करते. जबडा पूर्ण ताणला जातो, चेहऱ्याकडचं रक्त खेळतं, बाहेरची हवा आत ओढली जाते. २००७ साली त्यांनी लोकांना दुसऱ्यांच्या जांभया दाखवल्या. ज्यांच्या कपाळावर गार पिशवी ठेवली होती त्यांना जांभया फारच कमी आल्या. नाकानं श्वास घ्यायला लावला तरी तेच. आपल्या इंजिनाचं उदाहरण घ्या. डिझेल इंजिनात पाणी फिरतं, तापलं की गार करतं. पाण्याशिवाय इंजिन चालवलं तर काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. सगळे शास्त्रज्ञ या मताचे नाहीत, वाद चालू आहे. पण एका गोष्टीवर फारसं दुमत नाही. जांभई मेंदूच्या जागेपणाशी जोडलेली आहे. झोपेतून जागं होताना येते आणि जागेपण ढळायला लागलं की येते. धावण्याच्या शर्यतीआधी खेळाडूला येते ती आळसानं नाही, मेंदू तयारी करतो म्हणून.

म्हणून शाळेत गुरुजी जांभई दिली की छडी मारायचे ते मला आता पटत नाही. जांभई देणारं पोर झोपेशी लढत असतं.

दुसऱ्याची बघून का येते?

ही तर रोजची गोष्ट. भजनाला बसलो, एकानं आ केला की ओळीनं सगळे. बघून येते, ऐकून येते, नुसतं वाचूनही येते. म्हणून वर म्हणलं की तुम्हाला येईल. लहान मुलांना ही लागण साधारण चार-पाच वर्षांची झाल्यावर व्हायला लागते. त्याआधी त्यांना स्वतःची येते, दुसऱ्याची लागत नाही. घरात नातवंडं असतील तर करून बघा.

कुत्र्यालाही माणसाची लागते. २००८ साली लंडनमध्ये २९ कुत्र्यांसमोर माणसानं जांभया दिल्या, त्यातल्या २१ कुत्र्यांनी परत दिल्या. आमच्या वस्तीवरच्या कुत्र्यावर मी हे करून पाहिलं. पहिल्यांदा त्यानं तोंड फिरवलं, दुसऱ्यांदा दिली. पण एक लक्षात ठेवा, कुत्रं घाबरलं किंवा गोंधळलं तरी जांभई देतं. ओरडा खाल्लेलं कुत्रं जांभई देतंय म्हणजे ते आपल्याला जुमानत नाही असं नाही.

सिंहांचं तर आणखी पुढचं आहे. बोरीवलीला नॅशनल पार्कात सफारी आहे, तिथं मी नातवाला नेलं होतं. एक सिंह आडवा पडून जांभया देत होता. नातू म्हणाला, "आबा, हा आळशी आहे." मीही हो म्हणलं. पण २०२१ साली इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या लोकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांवर अभ्यास मांडला. एकाची जांभई दुसऱ्याला लागली की पुढं दुसराही पहिल्यासारखीच हालचाल करतो. पहिला उठला तर दुसराही उठतो. म्हणजे कळपाला एका वेळी जागं करायची, एकत्र हलवायची ती खूण असावी. कळपात राहणाऱ्याला ते उपयोगाचं आहे. शिकारीला एक जागा आणि चार झोपलेले असून चालत नाही.

आता हे आमच्या टेम्पोला लावा. केबिनमध्ये दोघंच. मी जांभई दिली, पुतण्याला लागली. त्याची झोप माझ्या जांभईनं आणली नाही, ती बावीस तासांच्या जागरणानं आणली. पण खूण दोघांनाही मिळत होती. कळप असता तर उठून उभा राहिला असता. आम्ही मोजत बसलो.

जुन्या लोकांचं काय?

आमची आजी जांभई आली की तोंडापुढं चुटकी वाजवायची आणि देवाचं नाव घ्यायची. आणि दृष्ट काढताना तर बघायलाच नको. मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन पोरावरून किंवा गाईवरून उतरवायला लागली की तिला जांभयांवर जांभया यायच्या, डोळ्यातून पाणी यायचं. मग म्हणायची, "लई कडक लागली होती गं बाई." अजूनही घरोघरी असंच म्हणतात. मला आता वाटतं, दृष्ट काढायची वेळ दिवे लागणीची, बाई पहाटे चारपासून उठलेली, आणि जांभई येणार हे मनात धरूनच बसलेली. नुसता विचार केला तरी जांभई येते, तर तिला येणारच. आजीची मी टिंगल करत नाही. दिवसभरात तिनं टेकून बसायची तेवढीच वेळ होती, आणि त्या जांभयांत तिचा थकवा होता हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आयुर्वेदानं मात्र जांभईला मान दिलाय. चरकसंहितेत अडवू नयेत असे तेरा वेग सांगितलेत. लघवी, शौच, शिंक, ढेकर, भूक, तहान, झोप, यांच्याबरोबर जांभईही आहे. योगाच्या जुन्या ग्रंथांत जांभई आणणाऱ्या वायूला देवदत्त असं नाव आहे. तेव्हा चारचौघांत आली तर हात आडवा धरा, पण दाबू नका.

कोंबड्यांची 'जांभई'

पशुपालकांसाठी एक वेगळी सूचना. कोंबडी सारखी मान ताणून चोच उघडत असेल तर ती जांभई समजून सोडून देऊ नका. उन्हाळ्यात उष्म्यानं धापते ते वेगळं, सावली आणि गार पाणी दिलं की थांबतं. पण गार वेळेलाही चोच उघडून मान ताणत असेल, घशातून घरघर येत असेल, तर श्वासाचा आजार असू शकतो. रानीखेत असेल, नाहीतर श्वासनलिकेतले लाल जंत असतील. परसातल्या, गांडुळं टिपणाऱ्या कोंबड्यांत हे जंत होतात. अशी कोंबडी लगेच वेगळी करा आणि पशुवैद्यकांना दाखवा. एकीची वाट बघत बसलात तर खुराडं रिकामं होतं.

माझं काय निघालं?

डॉक्टरबाईंनी सांगितलं तशी मी झोपेची तपासणी करून घेतली. रात्रभर अंगाला वायरी लावून झोपायचं. त्यात निघालं की माझा श्वास तासाला २८ वेळा अडतो. पाचच्या वर गेलं की आजार धरतात, पंधराच्या वर मध्यम, तीसच्या वर गंभीर. मी काठावर होतो. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया.

आपल्या भाषेत सांगतो. मोटरीचा सक्शन पाईप मऊ पडला की काय होतं? मोटर ओढते, पाईप चपटा होतो, पाणी बंद. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं जाते, आणि श्वास ओढताना घसा तसाच चपटा होतो. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त श्वास बंद. मग मेंदू धक्का देऊन उठवतो, माणूस घुरकतो, परत झोपतो. त्याला सकाळी काही आठवत नाही. म्हणतो, आठ तास झोपलो. खरं तर रात्रभर तो मोटर ट्रिप होऊन परत चालू करत असतो. मग दिवसभर जांभया, चिडचिड, विसरणं, बीपी वाढणं.

गेली तीन वर्षं मी याच तक्रारी सांगत फिरत होतो. एकानं रक्तवाढीचं टॉनिक दिलं, एकानं "वय झालं" म्हणून सोडून दिलं. झोपेबद्दल कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. घोरणं हा आजार असतो हे आपल्याकडं कोणाला वाटतच नाही. उलट गाढ झोप लागली म्हणतो. घरची सांगायची, "अहो, तुमचा श्वास थांबतो, मी हलवून उठवते." मी म्हणायचो, तुला भास होतो. ती बिचारी तीन वर्षं माझ्यामुळं अर्धी झोपत होती. तिच्या जांभयांचा हिशोब कुठं मांडायचा?

आता रात्री नाकाला मास्क लावून झोपतो. यंत्र हवेचा दाब देतं, पाईप चपटा होत नाही. पहिले पंधरा दिवस नकोसं झालं, नातू मला हत्ती म्हणायचा. आता सवय झाली. तंबाखू सोडली, कुशीवर झोपतो, वजन पाच किलो उतरलं. दुपारच्या जांभया बऱ्याच कमी झाल्या. बीपीची गोळी चालू आहे.

सगळ्यांच्या जांभया याच कारणानं येतात असं नाही. अंगात रक्त कमी असेल, थायरॉईड असेल, मनाच्या आजाराच्या काही गोळ्या चालू असतील तरी जास्त येतात. अशी गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि चक्कर येऊन पडण्याआधीही जांभया येतात. उन्हात फवारणी करणारा माणूस घामेजून, पांढरा पडून जांभया द्यायला लागला तर पंप उतरवा, सावलीला न्या, आडवं करा.

पुतण्या खोटं बोलत नव्हता

आता मूळ गोष्टीकडं येतो. माणूस फार थकला की मेंदू दोन-चार सेकंदांसाठी बंद पडतो. डोळे उघडे असू शकतात. त्याला स्वतःला कळत नाही. हिशोब करा. गाडी ६० च्या स्पीडनं असेल तर सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. चार सेकंदांत ६७ मीटर. एवढं अंतर गाडी बिनमाणसाची चालते.

१९९७ साली ऑस्ट्रेलियात दोघा संशोधकांनी मोजून दाखवलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच चुका करतो. २४ तास जागा असेल तर ०.१० टक्क्यांइतक्या. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. माझा पुतण्या माळकरी, थेंबाला शिवत नाही. पण त्या रात्री बावीस तास जागा असलेला तो दारू प्यायलेल्याच्या बरोबरीनं गाडी चालवत होता. आणि त्याला जागं ठेवून कामाला मीच लावला होता. नाक्यावर तोंडाचा वास घेतात, जागरणाचा वास कोण घेणार?

म्हणून आता आमचे नियम ठरलेत. तुम्हालाही उपयोगी पडतील. मग तुम्ही वाशीला जाणारे असा, नारायणगावला टोमॅटो नेणारे असा, नाहीतर रात्री उसाची ट्रॉली ओढणारे असा.

१) गाडी चालवणारा त्या दिवशी तोडणी-भरणी करणार नाही. दुपारी जेवून तो चार-पाच तास झोपणार. मजूर एक जास्त लागतो. लागू दे.

२) लागोपाठ दोन-तीन जांभया आल्या, मघाशी गेलेलं गाव आठवेना, गाडी पट्ट्यावर जायला लागली, की उजेडाची जागा बघून गाडी बाजूला घ्यायची. "पुढच्या नाक्यावर थांबू" म्हणायचं नाही.

३) काच खाली करणं, मोठ्यानं गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यानं दोन-चार मिनिटं बरं वाटतं. झोप जात नाही. आधी कडक चहा किंवा कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. चहा-कॉफीचा जोर चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. गजर लावून झोपायचं.

४) रात्री दोन ते पहाटे सहा आणि दुपारी दोन ते चार, या वेळा सगळ्यात वाईट. शरीराचं घड्याळच तसं आहे.

५) सर्दीची गोळी घेतली असेल तर गाडीला हात लावायचा नाही. त्या गोळ्यांतल्या बऱ्याच गोळ्या झोप आणतात.

६) शेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही आणि जांभया मोजायच्या नाहीत. पहिली जांभई आली की विचारायचं, "थांबायचं का?" आणि चालवणाऱ्यानं हो म्हणलं तर त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या हातातली नाही, ती रात्रीच्या लाईटची. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. जिथं ती पोचली तिथल्या लोकांना दिवसा पाणी मिळतं आणि रात्री झोप मिळते. जिथं नाही तिथं शेतकरी साप, बिबट्या आणि अंधार यांच्यात पाणी धरतो आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस ट्रॅक्टर चालवतो, फवारणी करतो, कडबाकुट्टीत हात घालतो. दिवसा लाईट मागताना आपण विंचू-काट्याचं, बिबट्याचं सांगतो. त्यात झोपेचंही सांगायला पाहिजे. कृषी अधिकारी मंडळी ही नोंद वाचतात म्हणून मुद्दाम लिहितोय. मेळाव्यात खताचा, औषधाचा तक्ता लावता, तसा एक तक्ता झोपेचाही लावा.

त्या रात्रीचं नुकसान म्हणाल तर आरसा, सहा-सात कॅरेट टोमॅटो आणि उशिरा पोचल्यानं गेलेलं गिऱ्हाईक. सगळं मिळून त्या फेरीचा नफा गेला. वीस मिनिटं थांबलो असतो तर काहीच गेलं नसतं.

पुतण्याची मी माफी मागितली. बोलून नाही मागितली, आपल्याकडं ते जमत नाही. त्या शनिवारी दुपारी त्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि पोरांना सांगितलं, काका झोपलाय, कोणी ओरडायचं नाही. त्याला ते कळलं.

गेल्या शनिवारी माळशेज उतरलो, रस्ता सरळ झाला. टोकावडे जवळ आलं तशी त्याला जांभई आली. मला लागली. मी विचारायला तोंड उघडलं, तोपर्यंत त्यानंच इंडिकेटर दिला. बंद हॉटेलाच्या दिव्याखाली गाडी लावली, थर्मासातला चहा घेतला, गजर लावला. वीस मिनिटं तो झोपला, मी बाहेर कॅरेटचे दोर तपासत फिरत होतो. बोरीवलीला सहा वीसला पोचलो. डॉक्टरबाईंना मेथीची एक जुडी तशीच दिली. त्यांनी पैसे ठेवलेच.

पुढची नोंद टोमॅटोवरच्या नागअळीची. फोटो काढून ठेवलेत.